चष्म्याच्या काडीएवढी फट

लेखमाला : भाग ६

मागच्या भागात एलडॅक या ब्लूटूथ कोडेकवर लिहिण्याचं आश्वासन दिलं होतं. ते आठवडाभर पुढे ढकललं आहे, कारण मधल्या दिवसांत नाशिकच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नानं रांग मोडली. त्यांनी दुकानात तासभर घालवून, ओळखीचं स्वतंत्र तबलावादन ऐकून महागडा हेडफोन निवडला. घरी तोच हेडफोन, तोच फोन, तेच वादन; पण डग्ग्याचा घुमारा गायब. दुकानात डोळ्यांना लेन्स होत्या, घरी चष्मा असतो. ‘एवढ्यानं फरक पडतो का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

पडतो. काहींच्या बाबतीत तर दोन कंपन्यांच्या हेडफोनमध्ये असतो त्याहून मोठा.

कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनच्या कपात हवा असते जेमतेम मूठभर. खालचे स्वर उमटवताना आतला पडदा ही कोंडलेली हवा दाबतो आणि सैल सोडतो. हा चढता-उतरता दाबच कानाला खर्ज म्हणून ऐकू येतो. कुकरची रिंग ढिली असली की शिटी होत नाही, तसं चष्म्याच्या काडीमुळे कपाची गादी उचलली जाऊन उरलेल्या फटीतून दाब निसटला की खर्ज उभा राहत नाही. वरच्या स्वरांना मात्र या फटीची फारशी झळ बसत नाही. चाटीवरचा ‘ना’ लखलखीत ऐकू येतो, तानपुऱ्याची जवारी ऐकू येते, म्हणून हेडफोन बिघडला आहे असं कुणाला वाटत नाही. तो फक्त पातळ वाजतो, आणि ऐकणारा दोष गाण्याच्या ॲपला देतो.

नॉइज कॅन्सलेशनचं नुकसान तर दुहेरी. उलटी लहर सोडून आवाज मारण्याची विद्या प्रामुख्याने खालच्या पट्टीत, साधारण एक हजार हर्ट्झच्या खाली, उत्तम चालते. विमानाची घरघर, एसीचा घुमणारा आवाज, बसच्या इंजिनाची थरथर हे सगळं तिथलंच. त्यावरचा किलबिलाट अडवण्याचं काम मुख्यतः गादी स्वतःच्या जाडीनं करते. कानशिलावर काडीपाशी फट राहिली की त्याच फटीतून बाहेरची घरघर आत येते आणि ती मारायला सोडलेली लहर बाहेर निसटते. म्हणजे शत्रू बळावतो आणि शस्त्र बोथट होतं, दोन्ही एकाच वेळी.

कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे. सोनीच्या एक्सएम३ आणि एक्सएम४ मध्ये बटण दाबून करायची एक तपासणी होती: हेडफोन काही सूर वाजवतो आणि डोक्याचा आकार, केस, चष्मा यांमुळे काय बदललं ते मोजून नॉइज कॅन्सलेशन जुळवून घेतो. एक्सएम५ पासून हे काम आपोआप होतं. बोसच्या क्यूसी अल्ट्रामध्ये हेडफोन चढवल्यावर सुरुवातीला जो छोटा सूर ऐकू येतो, तोही कानातला प्रतिसाद मोजण्यासाठीच. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्समधले आतले मायक्रोफोन कानापर्यंत प्रत्यक्ष काय पोहोचतंय ते सतत तपासतात आणि खालचे-मधले स्वर त्याप्रमाणे सावरतात. या तिन्ही युक्त्या खऱ्या आहेत आणि उपयोगी पडतात. मात्र फट मोठी असेल तर इलेक्ट्रॉनिक्सला पडदा आणखी जोरात हलवावा लागतो, आणि पडद्याच्या हालचालीला मर्यादा आहे.

वैमानिकांना ही अडचण फार आधीपासून भेडसावत आली. डोक्यावर हेल्मेट किंवा हेडसेट आणि डोळ्यांवर उन्हाचा चष्मा, दोन्ही हवेतच. १९५८ साली अमेरिकन ऑप्टिकलनं तिथल्या हवाई दलासाठी जो चष्मा बनवला, त्याच्या काड्या कानामागे वळणाऱ्या नव्हत्या. सरळ, पातळ, चपट्या होत्या. हेल्मेट न काढता गादीखालून आत सरकवता येतील अशा. काचा सगळ्या जगानं नावाजल्या, पण चष्मेवाल्या श्रोत्यानं खरं तर त्या काडीचे आभार मानायला हवेत. जाड प्लास्टिकची फ्रेम आणि पातळ धातूची फ्रेम आळीपाळीनं घालून एकच गाणं ऐकलं की कारण कळतं.

बोस कंपनीचे संस्थापक बोस यांना ज्यूरिकच्या विमानप्रवासात नॉइज कॅन्सलेशनच्या हेडसेटची कल्पना सुचली, ती गोष्ट दुसऱ्या भागात येऊन गेली. तो प्रवास १९७८चा, आणि पहिला हेडसेट विक्रीला आला १९८९ साली. मधल्या काळात, १९८६च्या डिसेंबरात, डिक रूटन आणि जीना येगर व्हॉयेजर विमानातून कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. नऊ दिवस, पुढे एक इंजिन आणि मागे एक, मध्ये अरुंद कोठडीएवढी जागा. त्यांच्याजवळ बोसचे नमुन्यादाखल बनवलेले हेडसेट होते. इतके दिवस कानांवर राहायची वस्तू म्हटल्यावर गादी हा चैनीचा मुद्दा उरत नाही.

गादीतला मेमरी फोमही विमानातूनच आला. नासाच्या कामासाठी चार्ल्स योस्ट यांनी १९६६ साली तो विमानाच्या आसनांकरता तयार केला. त्याचा गुण असा की अंगाची ऊब आणि दाब मिळाला की तो मऊ होत जातो, थंडीत ताठर राहतो. एसी दुकानात दोन मिनिटं हेडफोन लावून दिलेला निकाल म्हणूनच कच्चा असतो. फोम अजून ताठ असतो, काडीभोवती बसलेला नसतो. किमान दहा मिनिटं द्यावीत, आणि तीही रोजचा चष्मा घालूनच.

आता मॉडेल्स. सोनीचा एक्सएम५ आणि बोसचा क्यूसी अल्ट्रा, दोघेही २५० ग्रॅमच्या आसपास. सेनहायझरचा मोमेंटम ४ आहे २९३ ग्रॅमचा, आणि एअरपॉड्स मॅक्स ३८४ ग्रॅमच्या पुढे. आकडे पाहून शेवटचा बाद करावासा वाटेल, पण त्याच्या डोक्यावरची जाळी वजन छान वाटून घेते आणि गाद्या रुंद आहेत. मान दुखली तरी कानशील दुखत नाही. मोमेंटम ४ नवा असताना जरा घट्ट धरतो. त्यामुळे फट कमी राहते, पण जाड काडी दीड तासात टोचायला लागते. चष्मेवाल्यांसाठी या लेखमालेची पसंती बोसला आहे: पकड हलकी आणि गादी इतकी मऊ की काडीभोवती ती सहज मिटते. आवाजाच्या बारकाव्यात मोमेंटम ४ सरस आहे हे चौथ्या भागात लिहिलं होतं, आणि ते मत कायम आहे. पण कानशिलाला टोचणारा हेडफोन माणूस सारखा वर-खाली सरकवतो, आणि प्रत्येक सरकवण्यात खर्ज हरवतो. आराम आणि आवाज यांना वेगवेगळे गुण देणाऱ्या तक्त्यांवर म्हणूनच भरवसा ठेवू नये.

गादीचं कृत्रिम चामडं बहुधा पॉलीयुरेथेनचं असतं, आणि दमट हवेत ते हळूहळू विघटित होतं. मुंबई, कोकण, गोवा इथल्या वाचकांच्या गाद्यांचे पापुद्रे लवकर निघतात त्याचं कारण घामासोबत हेही आहे. पापुद्रे निघालेली गादी नीट चिकटून बसत नाही. बदलताना कंपनीचीच घ्यावी. बाजारातली जाड, गुबगुबीत गादी कानाला सुखावते, पण पडदा कानापासून लांब जातो आणि नॉइज कॅन्सलेशनची सगळी जुळणी ज्या अंतरावर केलेली असते तेच बदलतं.

बाईंनी ताजा कलम जोडला आहे: सणासुदीला बुगडी घालून हेडफोन लावला तर? बुगडी कानाच्या वरच्या कडेला असते, गादी त्याच्या बाहेर टेकते. कप खोल असेल तर निभावतं. उथळ कपात ती दाबली जाऊन दुखते. आंबाडा फार खाली असेल तर तो मात्र मागून गादी उचलतो.

घरी करण्याची परीक्षा सोपी आहे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावावा, नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवावं, आणि दोन्ही कप बोटांनी हलकेच आत दाबावेत. घरघर कमी झाली तर फट आहे. मग काड्या थोड्या वर, गादीबाहेर उचलून पुन्हा ऐकावं. हाच प्रयोग डग्ग्यावर करावा, विशेषतः घिस्सा काढतात त्या जागी.

एलडॅक पुढच्या भागात, नक्की. तोवर अँड्रॉइड फोनवाल्यांनी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ब्लूटूथचा कोडेक कोणता दिसतो ते बघून ठेवावं. आणि एलडॅक असेल तर गुणवत्तेच्या रकान्यात ९९०, ६६० की ३३० आहे तेही. आयफोनवर एलडॅक मिळत नाही, तिथे एएसी चालतो, आणि त्याची बाजू या लेखमालेला बऱ्याच दिवसांपासून मांडायची आहे.