पिस्टनवर भार किती?



"पाच हॉर्सपॉवरचं इंजिन, मग कनेक्टिंग रॉड एवढा जाड कशाला?" असे पोलादपूरकडच्या एका सभासदाने पंपावर विचारले होते. उत्तर साध्या गुणाकारात आहे. दाबाला पिस्टनच्या माथ्याच्या क्षेत्रफळाने गुणले की भार निघतो.

आपल्याकडच्या 5 हॉर्सपॉवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर 80 मिलिमीटर धरू. त्रिज्या झाली 4 सेंटिमीटर. क्षेत्रफळ 3.14 × 4 × 4 = सुमारे 50 चौरस सेंटिमीटर. डिझेल पेटते त्या क्षणी दाब चौरस सेंटिमीटरला 60 किलो धरला, तर भार 50 × 60 = 3,000 किलो, म्हणजे 3 टन! गाडीत दीड टन ऊस धरला तर भरलेल्या दोन बैलगाड्या त्या एवढ्याशा पिस्टनवर. हा भार क्षणभरच असतो, पण मिनिटाला 1,500 फेरे असतील तर असे 750 दणके बसतात. तितकाच भार हेडला वर उचलू पाहतो. म्हणून हेडचे नट सारखे आवळलेले हवेत.

आता मुद्द्याचे. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाड पाण्याखाली गेले, तेव्हा सावित्रीकाठची इंजिनेही बुडाली. पाणी ओसरताच एकाने "हँडल मारून तर बघू" म्हटले आणि रॉड वाकवून बसला. कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन पार वर आला की वरती जागा उरते जेमतेम 36 घन सेंटिमीटर, म्हणजे अर्धा कप चहाएवढी. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन अडतो, फ्लायव्हीलचा जोर मात्र थांबत नाही. मग रॉडच वाकतो.

म्हणून बुडालेल्या इंजिनाला हँडल लावू नका. आधी इंजेक्टर काढा, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर घालवा. ऑइल व टाकीतले डिझेल बदला, एअर फिल्टर साफ करा, मगच चालू करा.

त्याहून बरे म्हणजे, मृगाआधीच नदीकाठचे इंजिन उचलून उंचावर आणावे. चार गड्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी रॉड-पिस्टनच्या खर्चापुढे काहीच नाही. यंदा हे काम लांबणीवर टाकू नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी