दिशा ओळखणारे एरियल

वाशिम जिल्ह्यातील रिठदच्या शिवारात एका संध्याकाळी आम्ही रेडिओ घेऊन बसलो होतो. ४० मीटर पट्ट्यावर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, हौशी रेडिओवाल्यांची संभाषणे ऐकायची होती. ऐकू येत होती ती मात्र टक-टक-टक अशी ठेक्यातली खटखट. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेजारच्या कुंपणाला झटका मशीन जोडलेले होते, त्याचा हा आवाज. त्यात घराघरांतल्या एलईडी दिव्यांची गुणगुण मिसळलेली.

अशा वेळी कोणालाही सुचते ते आम्हालाही सुचले: एरियलची तार वाढवू. दहा मीटरची तार तीस मीटर केली. बोलणे मोठे झाले, पण खटखटही तेवढीच मोठी झाली. ऐकू येण्यात काहीच फरक पडला नाही!

चूक कुठे झाली? संदेश किती जोरदार आहे याला फारसे महत्त्व नसते. तो खरखरीच्या किती पट आहे, यावर सारे अवलंबून असते. लघुलहरींवर निसर्गातली आणि माणसाने निर्माण केलेली खरखर इतकी असते की रिसीव्हरला क्षीण संदेशाची अडचण सहसा नसतेच. म्हणून ऐकण्याचे एरियल निवडताना ‘हे किती गोळा करते?’ असे न विचारता ‘हे काय टाळते?’ असे विचारायला हवे.

वर्गात करून पाहा

दिवसा मध्यम लहरीवर (मीडियम वेव्ह) ऐकू येणारे एखादे आकाशवाणी केंद्र ट्रान्झिस्टरवर लावा आणि ट्रान्झिस्टर टेबलावर सावकाश फिरवा. पूर्ण फेरीत दोनदा आवाज एकदम खाली जाईल. आतील फेराइटची कांडी त्या वेळी केंद्राच्या दिशेने रोखलेली असते. विद्यार्थ्यांना नकाशा देऊन केंद्राची दिशा ताडून पाहायला सांगा.

तारेच्या चौकटीचेही असेच होते. चौकटीच्या दोन उभ्या बाजूंची कल्पना करा. चौकट लहरीला तोंड करून उभी असेल, तर लहर दोन्ही बाजूंना एकाच क्षणी पोहोचते. दोहोंत सारखाच विद्युतदाब निर्माण होतो आणि वेटोळ्यात ते एकमेकांना छेदतात. चौकटीची कड लहरीकडे असेल, तर एका बाजूला लहर किंचित आधी पोहोचते, दाबांत फरक पडतो आणि तो रिसीव्हरला मिळतो. म्हणून चौकटीला दोन ‘शून्य दिशा’ असतात, पुढे एक आणि मागे एक.

लाकडी फुलीवर एक मीटर बाजूचा चौरस होईल असा तांब्याच्या तारेचा एकच वेढा घ्यावा. त्याच्या टोकांना जुन्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर जोडावा. ही चौकट साधारण साडेतीन ते नऊ मेगाहर्ट्झपर्यंत जुळवता येते. तिच्या आत वीस सेंटिमीटरचे छोटे वेटोळे बसवून त्याची टोके रिसीव्हरच्या एरियल व अर्थच्या खोबणींना जोडावीत.

ही चौकट फिरवता फिरवता एका जागी आमची खटखट जवळजवळ नाहीशी झाली. बोलणे मात्र राहिले! असे का व्हावे? जवळचा उपद्रव जमिनीलगत, एकाच दिशेने येतो. दूरचा संदेश आयनांबरावरून परावर्तित होऊन वरून, तिरपा येतो आणि त्याचे ध्रुवीकरण सतत बदलत असते. त्यामुळे चौकटीची शून्य दिशा त्याला पुरती अडवू शकत नाही. जवळचे टाळावे आणि दूरचे ऐकावे, हे काम छोटी चौकट म्हणूनच चांगले करते.

दौंडचा धडा

खरखर एका ठिकाणाहून येत नसेल, दूरदूरच्या वादळांतील विजांची असेल, तर? तेव्हा एकाच बाजूला कान देणारे एरियल हवे. याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची ‘बीम’ तारसेवा सुरू झाली. प्रक्षेपण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिन यांनी आखलेल्या या एरियलमध्ये उंच मनोऱ्यांवर उभ्या तारांची रांग टांगलेली असे आणि तिच्यामागे परावर्तक तारांची दुसरी रांग. सारी रचना इंग्लंडकडे रोखलेली.

एवढे मनोरे हौशी माणसाला कुठून परवडणार? पण शेत असेल तर उपाय आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेचे पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे तंबू ठोकून अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. त्यांनी वापरली ती सुमारे ४०० मीटर लांबीची, जमिनीपासून थोड्याच उंचीवर ताणलेली सरळ तार. हॅरॉल्ड बेव्हरेज यांच्या नावाने हे एरियल ओळखले जाते. तार निदान एक तरंगलांबीची, दोन-तीन मीटर उंच आणि केंद्राच्या दिशेने ताणलेली असावी. केंद्राकडील टोक साधारण ४५० ओहमच्या रोधातून जमिनीत उतरवायचे. दुसऱ्या टोकाला, लहानशा रोहित्रातून, रिसीव्हर. ४० मीटर पट्ट्यासाठी ८० मीटर तार घेतली तरी चांगली दिशा मिळते. एक गंमत अशी की हे एरियल वीज नीट न वाहणाऱ्या जमिनीवर अधिक चांगले चालते. तेव्हा ओल्या काळ्या रानापेक्षा मुरमाड माळ बरा!

पण दिशा कोणती? भिंतीवरच्या नकाशावर रिठद ते लंडन पट्टी ठेवली, तर ती उत्तरेपासून साठ अंशांहूनही अधिक पश्चिमेकडे झुकते. पृथ्वीगोलावर दोरा ताणा. दोरा सुमारे ४१ अंश दाखवील. लहर दोऱ्याचा मार्ग घेते, पट्टीचा नव्हे.

मग निवड कशी करावी?

आधी खरखरीचा उगम शोधा. तो जवळ आणि एकाच दिशेला असेल, तर चौकट करा. दूरचे ठरावीक केंद्र ऐकायचे असेल आणि लांब बांध हाताशी असेल, तर बेव्हरेज तार ताणा. पुणे, नागपूर, हैदराबादकडची मंडळी ऐकायची असतील, तर दिशेचा खटाटोप नको. त्यांच्या लहरी जवळजवळ डोक्यावरून येतात. अशा वेळी दहा-दहा मीटरच्या दोन तारांचे द्विध्रुव एरियल सात-आठ मीटर उंचीवर बांधले की पुरते.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. तार विजेच्या वाहिनीवरून किंवा खालून कधीही नेऊ नका. आकाशात गडगडू लागण्यापूर्वीच एरियल रिसीव्हरपासून सोडवून घराबाहेर ठेवा.

त्या संध्याकाळी आम्ही रेडिओ बदलला नाही आणि तार वाढवूनही उपयोग झाला नाही. फक्त चौकट थोडी वळवली. तुमच्या शाळेभोवती खरखर कोणत्या दिशेने येते? विद्यार्थ्यांच्या हाती ट्रान्झिस्टर देऊन तिचा नकाशा तयार करून पाहा.