कंसातल्या प्रत्येकाला वाटा

एखाद्या संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेरच्या बाजारात आजीबरोबर जा. कांदे समजा छत्तीस रुपये किलो आहेत. आजी अडीच किलो कांदे घेते आणि कांदेवाला तराजू खाली ठेवतो न ठेवतो तोच नव्वद रुपये त्याच्या हातावर ठेवते. तिने ना कागद घेतला, ना मोबाइल काढला. मग तिने मनात केले तरी काय? दोन किलोचे बहात्तर, अर्ध्या किलोचे अठरा, मिळून नव्वद! आजीचा हा हिशेब आपण गणिताच्या भाषेत लिहू.

३६ × (२ + १/२) = ३६ × २ + ३६ × १/२ = ७२ + १८ = ९०

कंसाबाहेरच्या ३६ ने कंसातल्या दोन्ही संख्यांना गुणले. यालाच ‘वितरण गुणधर्म’ म्हणतात. वितरण म्हणजे वाटप. नाव भारदस्त आहे, पण काम आपल्या ओळखीचे आहे. पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घेत, ती याच कामासाठी. आपल्या भाषेतही हा गुणधर्म दडलेला आहे. पावणेदोन म्हणजे पावाने कमी दोन. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. म्हणून १९ × ७ करायचे असेल, तर वीस साते एकशे चाळीस, त्यातून सात वजा, उत्तर १३३. वाटप बेरजेवर होते, तसेच वजाबाकीवरही होते.

पण हे असे का होते? ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात तुम्ही नाटक पाहिले असेल. समजा, एका लहानशा सभागृहात खुर्च्यांच्या ७ रांगा आहेत. मधून ये-जा करण्याची वाट आहे. प्रत्येक रांगेत वाटेच्या डावीकडे ५ आणि उजवीकडे ३ खुर्च्या आहेत. एकूण खुर्च्या मोजण्याच्या दोन रीती आहेत. एका रांगेत ८, म्हणून ७ × ८ = ५६. किंवा डाव्या बाजूच्या ३५ आणि उजव्या बाजूच्या २१, मिळून ५६. वाट आखल्याने खुर्च्या वाढत नाहीत की कमी होत नाहीत. रांगा कितीही असोत, खुर्च्या कितीही असोत, हे खरेच राहणार. म्हणून संख्यांऐवजी अक्षरे लिहून आपण म्हणतो :

अ(ब + क) = अब + अक

आता एक सहल काढू. तुमच्या वर्गातील ४० मुले डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला निघाली आहेत. प्रत्येकाच्या तिकिटाला त रुपये आणि वडापावला व रुपये लागतात. एकूण खर्च ४०(त + व), म्हणजेच ४०त + ४०व. परंतु परीक्षेत कितीतरी विद्यार्थी घाईघाईने ४०त + व असे लिहून मोकळे होतात! याचा अर्थ काय झाला, पाहा बरे. तिकिटे चाळीस काढली, पण वडापाव घेतला एकच. एकोणचाळीस मुले उपाशी राहिली! कंस सोडवताना ही उपाशी मुले आठवा. कंसातल्या प्रत्येक पदाला वाटा मिळालाच पाहिजे.

कंसाआधी वजा चिन्ह असले की अनेकांची गाडी अडते. समजा, तुम्ही ५०० रुपये घेऊन दप्तर आणायला गेलात. दप्तराची किंमत ३०० रुपये, पण दुकानदाराने २० रुपये सूट दिली. हातात किती उरले?

५०० − (३०० − २०) = ५०० − ३०० + २० = २२०

सुटीचे २० रुपये तुमच्याच खिशात राहिले, म्हणून ते अधिक झाले. ‘वजा गुणिले वजा बरोबर अधिक’ हा नियम कोणी मनात आले म्हणून केलेला नाही. तसे नसते, तर दुकानातला हा साधा हिशेबही जुळला नसता.

एवढी तयारी झाल्यावर एक बैजिक राशी सोपी करू.

५(२क्ष + ३) − ३(क्ष − ४)
= १०क्ष + १५ − ३क्ष + १२
= ७क्ष + २७

शेवटच्या पायरीत १०क्ष मधून ३क्ष वजा करून ७क्ष मिळाले. हे कशाच्या आधारावर? सजातीय पदांची वजाबाकी तर पाठच आहे, असे तुम्ही म्हणाल. पण नीट पाहा. १०क्ष − ३क्ष = (१० − ३)क्ष. हा आपला वितरण गुणधर्मच आहे, फक्त उलट दिशेने वापरलेला! आधी त्याने कंस सोडवला, मग त्यानेच पदे एकत्र आणली. पुढे तुम्ही राशीचे अवयव पाडाल, तेव्हाही सामाईक अवयव कंसाबाहेर काढताना हाच कामाला येईल.

उत्तराची शंका आली, तर क्षच्या जागी एखादी संख्या घालून पाहा. क्ष = २ घेतल्यास मूळ राशी ५ × ७ − ३ × (−२) = ३५ + ६ = ४१ होते. आपले उत्तर १४ + २७ = ४१. जमले! कोणी चुकून + १२ ऐवजी − १२ लिहिले असते, तर ७क्ष + ३, म्हणजे १७ आले असते आणि चूक लगेच पकडली गेली असती.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कंसात बेरीज किंवा वजाबाकी असेल तरच हे वाटप करायचे. २ × (३ × ४) म्हणजे २४. तेथे दोघांनाही २ ने गुणले तर ६ × ८ = ४८ येतात, म्हणजे उत्तर दुप्पट होते.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणहून नाशिकमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव लागते. त्याच्या जवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. तसा शिलालेख तेथे आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे. १२ चे ८ आणि ४ असे खंड करा : १०८० + ५४० = १६२०. किंवा १२ म्हणजे २० उणे ८ समजा : २७०० − १०८० = १६२०. गुणकाचे असे तुकडे करण्याच्या रीतीला ‘खंडगुणन’ म्हणत. आजीचा हिशेब आणि भास्कराचार्यांची रीत, दोन्हींचे मूळ एकच, आहे की नाही गंमत?

आता ही दोन उदाहरणे तुम्ही करा. पहिले कागदाशिवाय सोडवायचे बरे का!
(१) ९९ × ४३ + ४३ = किती?
(२) ७(क्ष + २) − २(३क्ष − ५) ही राशी सोपी करा.

(उत्तरे : (१) ४३०० (२) क्ष + २४)