लेखनाचा वर्ग आणि त्याचे नियम



हैदराबादच्या आपल्या मराठी घरांतून आज अनेक मुलेमुली पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जातात. गणित, संगणक, रसायनशास्त्र यांची तयारी त्यांनी कसून केलेली असते. तिथे पोचल्यावर पहिल्या वर्षीच त्यांच्यापुढे एक असा विषय येतो, की ज्याची तयारी कोणी करून घेतलेली नसते. तो विषय म्हणजे लेखन. इंजिनिअर व्हायला गेलेल्या मुलालाही तो बहुधा चुकत नाही.

पहिल्या दिवशी हातात 'सिलॅबस' पडतो. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिथल्या सिलॅबसमध्ये धडे थोडे आणि नियम फार. किती तास चुकले तर चालतील, काम उशिरा दिले तर किती गुण कापले जातील, दुसऱ्याचे लेखन वापरले तर काय होईल, हे सारे कलमवार लिहिलेले असते. मुले ही पाने चाळून बाजूला ठेवतात. पुढे त्यांतले एखादे कलम अंगावर येते, आणि बारावीत नव्वद टक्के मिळवलेला मुलगा गोंधळून घरी फोन करतो. म्हणून या नियमांमागचा विचार आज आपण समजून घेऊ. तो कळला की नियम जाचक वाटत नाहीत, आणि मुख्य म्हणजे अनवधानाने मोडले जात नाहीत.

हा वर्ग परदेशी मुलांसाठी निघाला असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. १८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशासाठी इंग्रजी निबंधाची परीक्षा सुरू केली. परीक्षा देणारी मुले जन्माने इंग्रजी बोलणारी आणि नामवंत शाळांतली होती. तरीही त्यांचे लेखन पाहून प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. ॲडम्स शर्मन हिल यांच्या आग्रहातून १८८५ मध्ये लेखनाचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षात आला आणि पुढे तो देशभर पसरला. इतिहासातला धडा साधा आहे. भाषा बोलता येणे आणि त्या भाषेत विचार मांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मुलाला हा वर्ग घ्यावा लागला, यात त्याच्या इंग्रजीचा अपमान नाही.

दुसरा टप्पा न्यूयॉर्कचा. १९७० मध्ये तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने आपली दारे शहरातल्या सर्व शालान्त विद्यार्थ्यांना उघडली. ज्यांच्या घरात कोणी कॉलेज पाहिले नव्हते अशी हजारो मुले आली. त्यांच्या वह्या चुकांनी भरलेल्या होत्या. ही मुले शिकण्यालायकच नाहीत, असे म्हणणारे पुष्कळ होते. मायना शॉनेसी या प्राध्यापिकेने अशा सुमारे ४,००० निबंधांचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की या चुका बेफिकिरीतून होत नाहीत. प्रत्येक चुकीमागे मुलाने मनाशी बांधलेला काहीएक नियम असतो. तो शोधला की चूक सुधारता येते. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या परिषदेने विद्यार्थ्याचा आपल्या बोलीवर हक्क आहे असा ठराव केला.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. आपल्या मराठीतले दखनी आणि तेलुगू वळण ऐकून पुण्याचा पाहुणा गालात हसतो, तेव्हा तोही आपल्या नियमाला चूक समजत असतो. शिवाय आपल्या घरांतल्या मागच्या पिढीने उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शास्त्रे शिकली. घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि परीक्षेच्या कागदावर तिसरी, हा अनुभव आपल्याला पिढीजात आहे. आपली मुले अमेरिकेत जे करतात, ते याच वाटेने पुढे जाणे आहे.

आता नियमांकडे वळू. पहिला नियम हजेरीचा. लेखनाच्या वर्गात विद्यार्थी थोडे असतात. वीसपेक्षा जास्त नसावेत, अशी प्राध्यापकांच्या परिषदेची भूमिका आहे. याचे कारण तिथे व्याख्यान कमी आणि काम अधिक. मुले एकमेकांचे खर्डे वाचतात, शंका विचारतात, परिच्छेद तिथल्या तिथे पुन्हा लिहितात. गैरहजर मुलाने मित्राची वही उतरवून घेतली, तरी त्या तासाला जे घडले ते त्याला मिळत नाही. म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडे तास चुकले तर गुण जातात आणि काही ठिकाणी मुलगा नापासही होतो. सुट्टीला घरी येण्याचे तिकीट काढण्यापूर्वी आईवडिलांनीही हे कलम वाचावे.

यात आणखी एक पेच आहे. विद्यार्थी-व्हिसावर पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलाला दर सत्रात साधारणतः किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. लेखनाचा विषय बहुतेक ठिकाणी ३ क्रेडिटचा असतो. मोजून बाराच घेतलेल्या मुलाने कंटाळून तो मध्येच सोडला, तर उरतात नऊ, आणि प्रश्न थेट व्हिसाचा होतो. विषय सोडायचाच असेल, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे. सोडून मग विचारू नये.

दुसरी अपेक्षा खर्ड्यांची. आपल्या शाळेत 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध तीस मिनिटांत लिहून पेपर दिला की संपला. तिथे एकच निबंध दोनदा-तीनदा लिहायचा असतो, आणि आधीचे खर्डेही द्यावे लागतात. त्यात नेमके काय अपेक्षित असते, ते आपल्या परिचयाच्या विषयावरून पाहू. समजा मुलाने १९०८ च्या मुसी नदीच्या पुरावर लिहायचे ठरवले. पहिल्या खर्ड्यात तो लिहितो, "सप्टेंबर १९०८ मध्ये मुसीला महापूर आला. अपरिमित हानी झाली. नंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने योजना आखली गेली. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला." सगळे खरे आहे. तरीही शिक्षक समासात विचारतात, "तुझे म्हणणे काय?"

दुसऱ्या खर्ड्यात तो लिहितो, "तलाव बांधल्यामुळे शहराला नदीचे भय उरले नाही, आणि भय गेले म्हणूनच नदीकडे दुर्लक्ष झाले." आता हे म्हणणे झाले. यावर वाद घालता येतो. शेजारी बसलेली मुलगी विचारते, "दुर्लक्षाला वाढती वस्ती आणि सांडपाणी कारण नसेल कशावरून?" या प्रश्नाने तिसरा खर्डा घडतो. मुलगा पुरावा शोधतो, आपले विधान आवरते घेतो, दुसऱ्या कारणांनाही जागा देतो. या वर्गात गुण मिळतात ते बऱ्याच अंशी या प्रवासाचे. आयत्या वेळी एका बैठकीत लिहिलेला सुंदर निबंध तिथे कमी पडतो, तो यामुळे.

तिसरा नियम वाङ्मयचौर्याचा. इथे आपली मुले सर्वाधिक अडकतात, आणि त्यातली बरीच अप्रामाणिक नसतात. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उत्तरात उतरला तर आपल्याकडे पैकीच्या पैकी गुण मिळतात. गाईडमधली वाक्ये पाठ करणे हा अभ्यास समजला जातो. तीच सवय घेऊन मुलगा एखाद्या लेखातला परिच्छेद घेतो, पाच-सहा शब्द बदलतो आणि मजकूर आपला झाला असे समजतो. तिथे याला चोरी म्हणतात. त्या निबंधाला शून्य मिळू शकते, विषयात नापास केले जाऊ शकते किंवा प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. "मला माहीत नव्हते" हे उत्तर बहुधा चालत नाही, कारण नियम सिलॅबसमध्ये छापलेला असतो.

नियम पाळणे अवघड नाही. दुसऱ्याचे शब्द घेतले तर ते अवतरणचिन्हांत आणि नावासह द्यावेत. दुसऱ्याचा विचार घेतला तर पुस्तक मिटून तो स्वतःच्या वाक्यांत लिहावा, आणि तरीही नाव द्यावे. सर्वज्ञात गोष्टीला, उदाहरणार्थ पुराच्या सालाला, नावाची गरज नसते. नाव देण्याची रीत पाश्चात्त्यांकडून आली असे समजू नये. आपल्या संतांच्या अभंगात शेवटी नाममुद्रा असते. तुकोबांच्या नावावर इतरांनी घातलेल्या क्षेपक रचना निवडून काढायला आपल्या अभ्यासकांनी किती कष्ट घेतले आहेत! कोणते शब्द कोणाचे, याची चाड आपल्याला होतीच. परीक्षेच्या धांदलीत ती सुटली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून यात नवे कलम वाढले आहे. एकाच विद्यापीठात एक शिक्षक असली साधने पूर्ण वर्ज्य करतो, तर दुसरा ती कशी वापरली हे लिहून देण्याच्या अटीवर परवानगी देतो. मित्राच्या वर्गातला नियम आपल्या वर्गात लागू आहे असे धरून चालू नये. आपले सगळे खर्डे तारखेसह जपून ठेवावेत. संशय आलाच, तर तेच आपले साक्षीदार.

शेवटची गोष्ट मदतीची. सिलॅबसवर शिक्षकांच्या 'ऑफिस अवर्स'ची वेळ असते. आपल्या मुलांना वाटते, ही सरांच्या कामाची वेळ आहे, त्रास देऊ नये. प्रत्यक्षात ती मुलांनी येऊन बोलावे यासाठीच राखलेली असते. बहुतेक ठिकाणी लेखन-केंद्रही असते. तिथले लोक निबंध दुरुस्त करून देत नाहीत. शेजारी बसून प्रश्न विचारतात. मात्र पालकांनी शिक्षकांना पत्र लिहून गुणांची चौकशी करू नये. १९७४ च्या अमेरिकन कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्याचा स्वतःचा असतो, आणि त्याच्या संमतीवाचून शिक्षक साधारणपणे पालकांशी त्याबद्दल बोलत नाहीत.

मग घरच्यांनी करावे काय? मुलाचा निबंध लिहून देऊ नये, सुधारूनही देऊ नये. फोनवर त्याला तो मोठ्याने वाचायला सांगावा आणि विचारावे, "तुझे म्हणणे काय? ते कशावरून?" या दोन प्रश्नांना इंग्रजी लागत नाही, ते मराठीतच विचारावेत. मुलाने उत्तर मराठीत दिले तरी हरकत नाही. आपले म्हणणे एका भाषेत सापडले, की ते दुसऱ्या भाषेत लिहिणे सोपे जाते. आपल्या मंडळानेही उन्हाळ्याच्या सुट्टीत बारावीच्या मुलांना बोलावून हेच दोन प्रश्न विचारत एखादा निबंध तीनदा लिहून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. मुले परदेशी गेली नाहीत, तरी ते शिक्षण वाया जाणार नाही.