कुंभारवाड्यातली खिलारं

गेल्या काही वर्षांत आषाढ लागला की साताऱ्यात आणि सांगलीत कुठे ना कुठे ‘मातीचे बैल रंगवा’ अशी पाटी दिसते. एका खोक्यात दोन बैल, रंगांच्या चार-सहा डब्या, दोन ब्रश, आणि दोन तासांचा वर्ग. पोरं येतात, पोरांपेक्षा जास्त आया येतात, आणि हल्ली निवृत्त बँकवालेही दिसतात. मातीची जनावरं रंगवणं हा आता रीतसर छंद झाला आहे. साठीच्या आसपासच्या माणसाला याचं थोडं हसू येतं. आमच्याकडे हे काम दर बेंदराला घरात कुणाच्या तरी गळ्यात पडायचंच. त्याला छंद म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, एवढंच.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येला पोळा होतो. आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आणि तोही दोनदा. ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर. जत आणि मिरजेच्या अंगाला त्याचा जोर. आषाढी एकादशी झाली की गुरुपौर्णिमेच्या आधी महाराष्ट्री बेंदूर. तो साताऱ्यापासून पुढे सगळीकडे. आदल्या दिवशी हळद-तेल लावून बैलांची खांदेमळण. सणाच्या दिवशी धुणं, शिंगं रंगवणं, झूल, गोंडे, घुंगुरमाळा, पुरणपोळी आणि मिरवणूक. ज्याच्या दावणीला जनावर नाही त्यानं मातीची जोडी आणून पाटावर पुजायची. मास्तर, तलाठी, शिंपी, पोस्टमन, भाड्याच्या दोन खोल्यांतली सगळी बिऱ्हाडं या दुसऱ्या वर्गातली. मातीच्या बैलांवर खरा जीव लावला तो याच लोकांनी.

जोडी यायची कुंभाराकडून. गावात बलुत्याचा व्यवहार होता तोवर कुंभारीण पाटीत बैल घालून दारोदार द्यायची आणि सुपातून जोंधळे न्यायची. शहरात रोख पैसे. बैल बहुधा मातकटच असायचे, फार तर चुन्याचा एक हात दिलेले. पुढचं काम घरच्यांचं.

कुंभाराच्या हातात बैल कसा उभा राहतो हे बघण्यासारखं असतं. कृष्णाकाठची काळी माती चिकट, पण सुकताना फार आकसते आणि तडकते. म्हणून तीत चाळलेली घोड्याची लीद किंवा राख मळतात. लिदीतले बारीक तंतू मातीला धरून ठेवतात. लांबट गोळा घेऊन दोन्ही टोकं खाली दाबली की पुढचे-मागचे पाय निघतात. मान वर ओढायची, पाठीवर चिमटीनं वशिंड उचलायचं. शिंगं वेगळी वळून, ओल्या बोटानं सांधून बसवायची. शेपूट मागच्या पायाला चिकटवून टाकायचं, कारण मोकळं ठेवलं तर ते घरी पोचत नाही. काडीनं दोन टोचे मारले की डोळे झाले. एका बैलाला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. हे बैल सहसा भाजत नाहीत. सण झाला की त्यांना पाण्यातच जायचं असतं. शिवाय भरीव गोळा घाईनं आव्यात घातला तर आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि बैल फटकन फुटतो. सोबतची दोन मडकीही घेऊन जातो.

ही रीत किती जुनी असेल? सांगली-साताऱ्यापुरतं सांगणं अवघड आहे. पण शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 अशी उत्खननं केली, त्यात एका घराच्या जमिनीखाली मातीचं पात्र मिळालं. त्यात एक स्त्रीमूर्ती, आणि तिच्याबरोबर डोकं नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. सगळं कच्च्या मातीचं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं. बैलाच्या पाठीला भोक होतं आणि डोकं नसलेल्या मूर्तीलाही होतं. मधे काडी घातली की ती बैलावर नीट बसत होती. शेतकऱ्याच्या घरात मातीचा बैल ठेवायचा हे तेव्हाच ठरलेलं दिसतं.

पुन्हा आमच्या पाटाकडे येऊ. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. माण, खटाव, आटपाडीकडच्या कित्येक दावणी तेव्हा मोकळ्या झाल्या होत्या. घरात पोस्टर कलरच्या बाटल्या म्हणजे चैन. रंग घरचेच: चुन्याची निवळी, गेरू, कंदिलाची काजळी, हळद, कपड्यांची नीळ. बाभळीचा डिंक भिजवून त्यात रंग कालवायचा, म्हणजे बोटाला लागत नाही. ब्रश म्हणजे शिंदीची काडी, टोक चावून मऊ केलेली. पहिला नियम असा, की रंग पातळ करायचा नाही. कच्ची माती पाणी पिते आणि सांध्यात पाणी शिरलं की शिंग हातात येतं. म्हणून आधी अंग, मग पाय आणि शेवटी शिंगं, तीही टोकाकडून मुळाकडे. तुटलंच तर आत उदबत्तीची काडी खुपसून सांधायचं आणि वर बेगड चिकटवायचा.

पण रंगापेक्षा मोठी गोष्ट होती ती बैल बघण्याची. शेजारीपाजारी, मामाकडे, बाजारात खरे बैल होते. त्यामुळे मातीचा बैल कसा दिसावा याबद्दल प्रत्येकाला मत असायचं. या भागाचा बैल म्हणजे खिलार, आटपाडी-म्हसवडच्या माणदेशातला. लांबट तोंड, ताठ मान, घट्ट वशिंड, पोटाशी चपळ. शिंगं मुळाशी जवळ, मागं झुकून पुन्हा वर गेलेली, टोकाला अणकुचीदार. माणदेशी जाणकाराला पांढराशुभ्र, राखी झाक असलेला कोसा आणि डोळ्यांभोवती काळसर असलेला काजळी हे तीन लांबून ओळखता यायचे. मग घरात वाद व्हायचा. एकजण म्हणणार जोडी पांढरी करू, दुसरा म्हणणार कोसा करू, चुन्यात जरा काजळी टाका. जोडी असली तरी दोन्ही बैल अगदी सारखे करायचे नाहीत, एकाच्या मानेला थोडी जास्त झाक द्यायची, म्हणजे जिवंत वाटतात, असं आमच्या गल्लीतल्या एका पेंटरचं म्हणणं. एकदा शेतावरचे एक पाव्हणे पाटाजवळ टेकले आणि एवढंच बोलले, “आरं, ह्यो बैल हाय का म्हस? वशिंड कुठाय ह्येचं?” तेवढ्यावर सगळा बैल पुन्हा चुन्यात गेला.

शिंगांचा रंग ठरलेला नसे. हुरमुंज किंवा हिंगूळ लाल, वर बेगडाची पट्टी, टोकाला शेंब्या म्हणून पिवळा ठिपका. अंगावर वाटीचे गोल छाप मारतात, ते मातीच्या बैलावर बाभळीच्या शेंगेचं टोक रंगात बुडवून उठवायचे. झूल चिंधीची, घुंगरू सुतात ओवलेल्या मण्यांचं. पूजेला दोन इवलीशी कडबोळी शिंगात अडकवायची, आणि पूजा झाली की ती कोण खाणार यावरून भांडण.

ऐंशीच्या दशकात शाळेच्या दप्तरातून पोस्टर कलर आले. कार्यानुभवाच्या तासाला मातीकाम असायचं, त्यामुळे मास्तरांची नजरही बैलावर फिरू लागली. पोस्टर कलरनं काम सोपं झालं आणि भडकही झालं. ऑइलपेंटनं रंगवलेली जोडी पाण्यात विरघळायची नाही, नुसती बुडून बसायची. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

खरी उलथापालथ साच्यानं केली. आधी दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं प्लास्टरची आली. आमच्याकडे किल्ल्यावरच्या मावळ्यांना, वाघ-सिंहांना, गवळणीला ‘चित्रं’च म्हणतात. साताऱ्यात राजवाड्याजवळ, सांगलीत मारुती चौकात दिवाळीला त्यांच्या पथाऱ्या लागायच्या, लागतातही. प्लास्टर घट्ट बसतं, वजनाला हलकं, तासाभरात साच्यातून निघतं आणि फवाऱ्यानं डझनभर एकदम रंगवता येतं. चित्रांच्या मागोमाग बैल आले. आणि इथे एक गंमत झाली, जिची दखल फार कुणी घेतली नाही. दोन भागांच्या साच्यातून लांब, वर वळलेली शिंगं सुटी निघत नाहीत, मोडतात. म्हणून साचेवाल्यानं शिंगं आखूड केली, कानाला चिकटवली, पायांमधली जागा भरून टाकली. खिलार गेला आणि त्याच्या जागी कुठल्याच गोठ्यात नसलेलं, गुबगुबीत, सोनेरी शिंगांचं जनावर पाटावर येऊन बसलं. रंगवायला काही उरलंच नाही. मला विचाराल तर नदीचं नुकसान प्लास्टरनं केलं ते केलंच, पण नजरेचं नुकसान त्याआधी झालं होतं.

तोवर खरे बैलही आटत चालले होते. ट्रॅक्टर आला, उसाच्या पट्ट्यात तर आधीच. मग 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाड्यांच्या शर्यती बंद झाल्या आणि हौसेपायी खिलार सांभाळणाऱ्यांचाही हात आखडला. जिथे कधी काळी मातीचा बैल फक्त बिनजमिनीच्या घरात असायचा, तिथे शेतकऱ्याच्या वाड्यातही पाटावर मातीचीच जोडी दिसू लागली. अंगणात ट्रॅक्टरला हार आणि आत मातीच्या बैलाला नैवेद्य. यात विनोद आहे असं शहरातल्यांना वाटतं, त्या घरातल्यांना वाटत नाही.

2019 पासूनची दोन-तीन वर्षं कुंभारवाड्यांना फार वाईट गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. बेंदूर होऊन गेला होता, पण नागपंचमी नेमकी त्याच आठवड्यात होती आणि गणपती महिन्याच्या आत. नदीकाठच्या घरांत तयार होत आलेल्या मूर्तींचा पुन्हा गाळ झाला. 2020 ला टाळेबंदीत आठवडी बाजारच बंद. 2021 ला एकादशी 20 जुलैची आणि गुरुपौर्णिमा 24 ची. मधल्या बेंदराला आभाळ फाटलं. पाटण तालुक्यात डोंगर खचून माणसं गेली, सांगलीत पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर. त्या वर्षी बैल रंगवले की नाही हे विचारायचीही सोय नव्हती.

गंमत म्हणजे छंद म्हणून जे आज दिसतं त्याची सुरुवात याच काळातली. टाळेबंदीत लोक घरी बसले होते, पोरांना गुंतवायचं होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 च्या मे महिन्यात प्लास्टरच्या मूर्तींबाबत कडक मार्गदर्शक सूचना काढल्या आणि शाडूचे वर्ग जोरात सुरू झाले. गणपती करायला शिकलेला माणूस बैलाकडे वळतोच. मग ऑनलाइन मागवलेली वाळकी माती, अ‍ॅक्रिलिक रंग, वर वॉर्निशचा हात. काहींनी त्यापुढे जाऊन छोट्या विजेच्या भट्ट्या घेतल्या. भाजायचा बैल पोकळ करावा लागतो किंवा पोटाखाली भोक ठेवावं लागतं. कुंभाराला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं ते हौशी मंडळी दोन-चार बैल फोडून शिकली. झिलईचे रंग तर फसवे. लावताना फिकट गुलाबी दिसतं ते भट्टीतून बाहेर येताना गर्द लाल किंवा निळं होऊन येतं.

जगात असे बैल आणखी कुठे आहेत म्हणून शोधलं तर पेरू देशात सापडतात. तिथल्या पुनो भागात पुकाराचे मातीचे बैल प्रसिद्ध आहेत. तेही जोडीनं, भाजलेले, अंगावर नक्षी काढलेले, आणि घराच्या छपरावर ठेवायचे, घराला बरकत यावी म्हणून. त्यांचंही मूळ जनावरांना खुणा करायच्या, सजवायच्या सणात आहे. घडवतात शेजारच्या चेका पुपुहा गावात, पण विकले जायचे पुकाराच्या रेल्वे स्टेशनवर, म्हणून नाव पुकाराचं झालं. त्या बैलांचं आज सगळ्या पेरूचं मानचिन्ह झालं आहे. आमचा बैल आषाढापलीकडे जात नाही, आणि त्यात मला काही उणं वाटत नाही. जो बैल वर्षभर कपाटात बसतो त्याच्यासाठी पुढच्या आषाढात कुणी रंग कालवत नाही.

हौशी रंगाऱ्यांबद्दल माझी एकच तक्रार. त्यांची फुलं सुंदर, झुलीवरची नक्षी तर पैठणीच्या पदरासारखी, पण बैल चुकतो. वशिंड गुलाबी, डोळा माणसासारखा, पापण्यांसकट. ज्यानं वेसणीतला बैल जवळून पाहिला नाही त्यानं तो कुठून रंगवावा, हेही खरंच.

यावर उतारा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानंही ती कायम केली, आणि खटाव-माणपासून खानापूर-आटपाडीपर्यंत मैदानं भरू लागली. बकासूर, मथूर ही बैलांची नावं शाळकरी पोरांच्या तोंडी आली. शर्यतीत जनावराला काय सोसावं लागतं यावरचे आक्षेप मला मान्य आहेत, ते इथे मांडत बसत नाही. पण मोबाइलवर तासन्‌तास बैलच बघणारी ही पोरं मातीचा बैल हातात घेतात तेव्हा पहिल्यांदा शिंगांची ठेवण बघतात. कपाळावरचा पांढरा डाग कुठल्या बाजूला हे त्यांना माहीत असतं. प्लास्टरचा सोनेरी बैल दाखवला तर ती नाक मुरडतात. त्यांना हाताचाच लागतो, रंग न दिलेला, कारण रंग त्यांना ठरलेल्या बैलाचाच द्यायचा असतो.

याचा परिणाम कुंभारवाड्यातही दिसतो. सगळीकडे नाही, पण काही कुंभार आता दोन ढीग लावतात: एक रंगवलेल्या बैलांचा, दुसरा कोऱ्यांचा. कोऱ्या ढिगातल्या बैलांची शिंगं लांब असतात, कारण गिऱ्हाईक तसं सांगून ठेवतं. त्यांचा भाव रंगवलेल्यांपेक्षा कमी असायला हवा, पण नसतो. लांब शिंगं मोडतात, त्याची भर कोणी द्यायची? घासाघीस चालते आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक हरतं. बेंदूर उरकला की कुंभाराला उसंत नाही. तीन आठवड्यांत नागपंचमी, बत्तीस शिराळ्याकडचे लोक मातीच्या नागांसाठी विचारत असतात. नागाला रंगवणारे छांदिष्ट मात्र अजून भेटले नाहीत. काळा हात, पांढरा दहाचा आकडा, संपलं.