मातीच्या आतली तार

शिल्प पाहताना ते आतून कशावर उभे आहे, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. एद्गार देगाची मेणाची छोटी नर्तकी १८८१मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. पुढे तिची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा तिच्या हातांच्या आत आधारासाठी घातलेले रंगाचे कुंचले दिसले.

मेणात चालणारा असा सांगाडा भट्टीत भाजायच्या मातीत चालत नाही. पाणी गेल्यावर माती आकसते, तार आकसत नाही. साहजिकच मातीला तडा जातो. शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते आणि भट्टी त्याहून अधिक तापते.

पॉलिमर क्ले ही नावापुरतीच माती. ती म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर. तिच्यात पाणी नसल्याने ती फारशी आकसत नाही आणि घरच्या ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंशांना पक्की होते. म्हणून तार कायमची आत राहू शकते.

तार मजबुतीसाठी घालतात, असा सर्वसाधारण समज आहे. मला तिचे खरे काम ओव्हनमधले वाटते. तापताना कण एकजीव होण्याआधी क्ले आणखी मऊ पडते. तेवढ्या वेळात उगारलेला हात खाली झुकतो, वळलेली मान कलते. तो भार तार पेलते.

मात्र क्ले धातूला चिकटत नाही. गुळगुळीत तारेभोवती हात सैल फिरू लागतो. म्हणून मी तारेला दुहेरी पीळ देते, वर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट आवळते आणि मग क्लेचा सारख्या जाडीचा थर चढवते. थंड होताना क्ले धातूपेक्षा जास्त आकुंचन पावते. थर पातळ असेल तर तिथेच चीर पडते. ओव्हन बंद करून शिल्प आतच निवू द्यावे.

जाड शिल्पाला वेळ वाढवून द्यावा, तापमान वाढवू नये. पीव्हीसी करपले की हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो.

तार आकार सांभाळते. बळ येते ते पुरेशा भाजण्याने. कच्च्या राहिलेल्या हातात कितीही जाड तार घाला, क्ले तुकड्यातुकड्यांनी गळते आणि तार तेवढी उरते.