लॅपटॉपमध्ये दुसरे बिऱ्हाड

करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांसाठी घाईघाईने घेतलेले सेकंडहँड लॅपटॉप भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या घरांत अजून वापरात आहेत. चार जीबी रॅम, घरघरणारी हार्डडिस्क आणि विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी या विंडोज १० ची नियमित साथ थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट मिळतील, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकायचे, तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रात तो नसतो. मग घरातले कॉलेजला जाणारे पोर एक दिवस सुचवते, ‘यावर लिनक्स टाकू. विंडोजही राहील आणि छोटे गेमही चालतील.’

सूचना चुकीची नाही. पण त्या लॅपटॉपमध्ये सातबाऱ्याच्या प्रती असतात, शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेले दाखले असतात, बहिणीच्या लग्नाचे फोटो असतात आणि बहुतेक वेळा या कशाचीही दुसरी प्रत कुठे नसते. खेळ हलका असला, तरी त्यासाठी डिस्कवर होणारी शस्त्रक्रिया हलकी नसते.

एका लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवणे म्हणजे एकाच घरात मधे भिंत घालून दुसरे बिऱ्हाड थाटणे. डिस्कचे दोन भाग करायचे, एका भागात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. लॅपटॉप सुरू करताना ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्राम विचारतो, आज कोणत्या दाराने आत जायचे? एका वेळी एकच सिस्टीम चालते, त्यामुळे रॅम दोघांत वाटली जात नाही.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिहिला आणि खुला केला. आज त्यावर आधारलेल्या अनेक सिस्टीम फुकट मिळतात. त्यांतल्या लिनक्स मिंटला किमान दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागा पुरते. चार जीबी असेल तर बरे. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षे लिनक्सवर चालत आहेत आणि लहान मुलांचे ‘जीकॉम्प्री’सारखे खेळ त्यांत असतात, तेव्हा हे फक्त हौशी लोकांचे खूळ उरलेले नाही.

खेळांचे काय? ‘सुपरटक्सकार्ट’ ही गाड्यांची शर्यत, ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हे डावाडावाने खेळायचे युद्ध, बुद्धिबळ, सुडोकू, पत्ते हे सारे फुकट आहे. ‘झिरो एडी’ या खेळात तर मौर्यांचे सैन्य हत्तींसह मैदानात उतरवता येते. मात्र फौज वाढली की जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. विंडोजसाठी लिहिलेले कित्येक खेळ ‘स्टीम’वरून चालतात, कारण त्यांच्या सूचना लिनक्सला कळतील अशा रूपात बदलणारा ‘प्रोटॉन’ हा दुवा २०१८ पासून उपलब्ध आहे. पण त्याला ‘व्हल्कन’ समजणारे ग्राफिक्स लागते आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या यंत्रांत ते धड चालत नाही. ‘व्हॅलोरंट’ तर लिनक्सवर चालतच नाही. त्याची फसवेगिरी पकडणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते. सिस्टीम बदलल्याने ग्राफिक्स चिपची ताकद वाढत नाही, एवढे आधीच समजून घेतले तर पुढची निराशा टळते. हार्डडिस्कच्या जागी साधी एसएसडी बसवली, तर तोच लॅपटॉप कितीतरी चपळ होतो, मग सिस्टीम कोणतीही असो.

विंडोज पूर्ण काढून का टाकू नये? कारण टॅली, श्रीलिपी, काही सरकारी कामांची डिजिटल सही अशा गोष्टी अजून विंडोजवरच नीट होतात. शिवाय अभ्यास एका बिऱ्हाडात आणि खेळ दुसऱ्यात असला, की खेळाकडे वळताना लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. तेवढ्या दोन मिनिटांत एखाद्याचा विचार बदलतोही. याला उपाय म्हणता येणार नाही, पण अडसर म्हणून वाईट नाही.

पहिली पायरी पेनड्राइव्हची. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची असते. मोबाइलचा पॅक दिवसाला दीड जीबीचा असेल, तर दोन दिवसांचा डेटा तिच्यातच जातो. वेल्ह्याच्या आतल्या गावांत तर समोर डोंगर आला की रेंज तुटते आणि डाउनलोड अर्ध्यावर राहतो. भोरला किंवा पुण्याला गेल्यावर ती फाइल उतरवून घेणे सोपे. अर्धवट फाइल वरून पूर्ण दिसू शकते, म्हणून संकेतस्थळावर दिलेला तपासणी-आकडा जुळतो का, हे पाहणे आवश्यक. मग ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. डिस्कला हात न लावता सगळी सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालते. वायफाय, आवाज, टचपॅड, एखादा खेळ असे सगळे दोन दिवस वापरून पाहावे. काही जुनी वायफाय कार्डे लिनक्सला लगेच ओळखू येत नाहीत, हे इथेच कळते.

खरा धोका भिंत घालताना असतो. विंडोजचा भाग लहान करायचा म्हणजे डिस्कच्या टोकाकडे पसरलेल्या फाइली उचलून अलीकडे आणायच्या आणि कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही नव्याने लिहायची. हे काम चालू असताना वीज गेली, तर नोंदवही एक सांगते आणि फाइल असते भलतीकडे. पावसाळ्यात राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत वीज जाणे काही नवे नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी अनेकदा पाच मिनिटेही तग धरत नाही. बॅटरी मेलेली असेल, तर हे काम जूनपासून पुढचे काही महिने घरी करूच नये, किंवा यूपीएस असलेल्या ठिकाणी करावे. विंडोजमधल्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून भाग लहान करणे जास्त सुरक्षित. त्यानंतर लिनक्स बसवताना ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ आणि ‘पूर्ण डिस्क पुसा’ असे दोन पर्याय समोर येतात. दुसऱ्यावर चुकून टिचकी पडली आणि पुढे ‘हो’ म्हटले, की सातबारा आणि लग्नाचे फोटो दोन्ही गेले.

तुलनेने नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक कुलूप असते. ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू असेल, तर सुरू होण्याची पद्धत बदलताच विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्याच खात्याने तो सुरू करून दिला असेल, तर किल्लीही त्याच्याकडेच. किल्ली नसेल, तर आतला मजकूर पुण्यातला कोणताही दुरुस्तीवाला उघडून देऊ शकत नाही. म्हणून किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि महत्त्वाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवून, त्या उघडतात का, हे दुसऱ्या संगणकावर तपासावे. तसेच विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. ती चालू असताना विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्समधून त्याच्या भागात काही लिहिले, तर फाइली बिघडू शकतात.

एवढे करूनही शेजाऱ्यांचे कधीकधी बिनसतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेकांच्या लॅपटॉपवरचे लिनक्स सुरूच होईना. मायक्रोसॉफ्टचा कायमचा इलाज आला २०२५ च्या मे महिन्यात. ज्यांच्या यंत्रात जागा आहे, त्यांनी लिनक्ससाठी वेगळी एसएसडीच घ्यावी. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी घालून ती बसवता येते. मग भिंत घालण्याचा प्रश्नच राहत नाही आणि लिनक्स बसवेपर्यंत विंडोजची डिस्क बाहेर काढून ठेवता येते.

सगळे सुरळीत झाल्यावर दुसऱ्या दिवशी घाबरवणारी एक गंमत मात्र हमखास घडते. सकाळी अकरा वाजता विंडोज सुरू केले, तर घड्याळ पहाटेचे साडेपाच दाखवते. बिघाड काही नसतो. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला आतले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगणारी एका ओळीची आज्ञा दिली, की दोन्ही बिऱ्हाडांत एकाच वेळी अकरा वाजतात.